बघायला ठेवलेलं घर

"काकू, रागावणार नसाल तर एक बोलू?"

भुपाल चौगुलेनं असं विचारलं तेव्हाच मी ओळखलं, हा आता रागावण्यासारखंच काहीतरी बोलणार. पुढच्या सोप्यातल्या खुर्चीच्या अगदी टोकावर बसला होता, हातात चहाची बशी. जयसिंगपुरात घरं, प्लॉट, गाळे दाखवायचा धंदा त्याचा. माझं घर विकायचं काम शशिकांतनं, माझ्या मुलानं, पुण्याहून फोनवरच त्याच्या गळ्यात घातलं होतं.

"बोल की. बोलण्यावरच पोट आहे तुझं."

"घर विकायचं म्हटलं की ते गिऱ्हाइकाला कधीही बघता आलं पाहिजे. लोक काय करतात, आज पाहुणे आलेत, उद्या पूजा आहे, परवा किल्ली जावयाच्या खिशात राहिली. गिऱ्हाईक दारातनं परत गेलं की पुन्हा फिरकत नाही बघा."

"माझं दार उजाडल्यापासून उघडं असतंय. परत गेलं कोण?"

"तेच तर म्हणतोय." त्यानं बशी खाली ठेवली. "दार उघडं असतंय, आणि दारात तुम्ही असता."

मी त्याच्याकडे नुसतं बघितलं. दुसरा कुणी असता तर तिथंच गप्प झाला असता. पण चौगुले धीराचा.

"परवा ती बँकेतल्या साहेबांची बायको आलेली. तिनं भिंतीवर टिचकी मारून बघितली, तर तुम्ही म्हणाला, कलिंगड आहे काय, पिकलंय का बघायला."

"मग? भिंत वाजवून तिला काय कळणार होतं?"

"आणि ते कोरोचीचे पाहुणे? संडास चुकीच्या दिशेला आहे म्हणाले, तर तुम्ही म्हणाला..."

"मी म्हटलं, तुम्ही तोंड फिरवून बसा."

चौगुलेला हसू आवरेना. टॉवेलानं तोंड पुसून तो पुन्हा शहाण्यासारखा बसला. "काकू, घर सोन्यासारखं आहे. पण गिऱ्हाईक आलं की तुम्ही दिसू नका. शेजारी पद्माक्कांकडे जाऊन बसा. दारं-खिडक्या सगळी उघडी टाका, मागचं दारसुद्धा. स्वयंपाकघरात उजेड येतो, वारा खेळतो. माणूस आपला आपण फिरला की घर त्याला आपलं वाटायला लागतं. मालक पाठीवर असला की परकं वाटतं."

माझ्याच घरातनं मला उठ म्हणणारा तो पहिलाच. पण गुडघे धरले होते, जिना चढवत नव्हता, आणि शशिकांतचं फोनवर रोजचं टुमणं होतं, 'आई, एकटी पडलीस-बिडलीस तर कुणाला कळणार?' मी म्हटलं, बरं. दिसणार नाही.

आता ते घर कसं होतं ते सांगते. आठव्या गल्लीत, दोन मजली, स्लॅबचं. पुढं सोपा, मधे माजघर, मग स्वयंपाकघर, त्याला लागून धान्याची अंधारी कोठी. मागं परडं, आणि परड्याच्या पलीकडं बोळ. आम्ही कासार. बाजारात आमचं भांड्यांचं दुकान होतं, आणि जत्रांच्या दिवसांत हे, माझे मालक, तंबू घेऊन गावोगाव जायचे. घर ह्यांनीच बांधलं आणि माझ्या नावावर केलं. लोक म्हणाले, बायकोला भितो म्हणून केलं. म्हणू देत.

एका साली हे चिंचलीच्या जत्रेला गेले. जत्रा उठली. टेंपो भरून भांडी परत आली. गवतात गुंडाळलेली, पोत्यांत नीट शिवलेली, एका तांब्याला पोचा नाही. माणूस आला नाही. 'चहा पिऊन येतो' म्हणून तंबूतनं गेले ते गेलेच. पोलिसांत दिलं, नदीकाठ पालथा घातला, देवऋषी केले. कुणी म्हणालं बुडाले, कुणी म्हणालं गाडीखाली आले असतील. आणि गल्लीतल्या बायका म्हणायच्या, असल्या तोंडाच्या बायकोला कंटाळून गेला असेल. माझ्या माघारीच म्हणायच्या. समोर म्हणायची कुणाची छाती नव्हती.

बारा वर्षं वाट बघायची रीत आहे. मी बारा वर्षं कुंकू लावलं. मग शशिकांतचं लग्न बघायला लागलो तेव्हा भाऊबंद म्हणाले, घरात असं लोंबकळत ठेवून मंगलकार्य कसं करायचं? तेव्हा वाडीच्या तीर्थावर, नदीकाठी पळसाच्या पानांचा माणूस केला आणि शशिकांतनं त्याला अग्नी दिला. घरी येऊन मी माझ्या हातानं कुंकू पुसलं. दुसऱ्या कुणाला कपाळाला हात लावू दिला नाही. मेलेल्या माणसाची बायको म्हणून राहायला मला कमीपणा नव्हता. टाकलेली बायको म्हणून मी एक दिवस राहिले नसते. त्या दिवसापासून हे मेले. विषय संपला.

तर चौगुलेच्या सांगण्याप्रमाणं मी रोज सकाळी घर झाडून-पुसून, सगळं उघडं टाकून पद्माक्काच्या कट्ट्यावर जाऊन बसायला लागले. पद्माक्काची नि माझी भिंत एकच. जैनाची बाई, सूर्य मावळायच्या आत जेवणारी, पण बोलायला बसली की सूर्याचं भान नसायचं. तिच्या कट्ट्यावरनं मी माझ्याच घरात जाणारे लोक बघायची. नवराबायको, म्हातारे सासरे, एक डॉक्टर. कुणी चपला घालून आत गेलं की माझी जीभ सळसळायची. पद्माक्का माझा हात धरून ठेवायची.

एक दिवस मी डोळे दाखवायला मिरजेला गेले. दुपार कलल्यावर परत आले तर पद्माक्का दारातच.

"मामी, तुमचं घर आज एक म्हातारं बघून गेलं."

"चौगुलेबरोबर?"

"एकटंच. मागच्या बोळातनं आलतं. मी परड्यात कापडं वाळत घालत होते. म्हटलं, घर बघायला आलाय व्हय? पुढनं जावा की, दार उघडंच हाय. तर म्हणालं, 'पुढचं दार आपल्याला नाही, आक्का.'"

मी चपला काढत होते. एक निघाली. दुसरी पायातच राहिली.

"मग?"

"मग काय, गेलं मागनंच. लाजरं वाटलं बाई. पण भिंती-बिंती काय बघितल्या नाहीत वाटतं. मला माझ्या स्वयंपाकघरात ऐकू येत होतं सगळं. तुमची फळीवरची भांडी वाजवत होतं. नखानं. एक वाजवायचं, मग गप्प. मग दुसरं. मी मनात म्हटलं, ह्याला घर घ्यायचंय का हंडे?" पद्माक्का हसली. "काय वं, तुमचं तोंड असं का झालं? उन्हाचं आलासा. पाणी देऊ?"

"कसा होता दिसायला?"

"म्हाताऱ्यासारखा म्हातारा. डोक्याला टापर बांधलेली. मी काय निरखून बघू का परक्या बाप्याला?"

मी घरात गेले. सगळं जिथल्या तिथं होतं. फळीवर हंडे, घागरी, परात, सगळं पितळ माझ्याकडे बघत होतं. मी खाली पाटावर बसले.

भांडं असं नखानं कासारच वाजवतो. मधल्या बोटाचं नख मारायचं आणि आवाज विरेपर्यंत कान द्यायचा. आत चीर असली की आवाज मधेच तुटतो. हे गिऱ्हाइकासमोर तर वाजवायचेच, पण जेवायला बसले की ताटसुद्धा वाजवायचे, आणि मी ओरडायची. पण आमच्या जातीतले म्हातारे काय कमी आहेत? कुणी आला असेल कुरुंदवाडचा नाहीतर निपाणीचा, सवयीनं वाजवलं असेल.

पुढच्या दाराचं कोडं मात्र काही केल्या सुटेना.

पळसाचा माणूस जळत होता तेव्हा गुरुजी शशिकांतला म्हणाले होते, "हे एकदा झालं की झालं. आता ते समजा कधी परत आले, तर पुढच्या दारानं घरात घ्यायचं नाही. मेलेला माणूस तो. त्याचं सगळं पहिल्यापासून करायला लागतं. बारशापासून. बायकोशी लग्नसुद्धा परत लावायला लागतं." भाऊबंदांतले दोघं-तिघं हसले होते. म्हणाले, "त्यांना विचारा की, परत हिच्याशीच लावणार काय!" मीही हसले होते. ती गोष्ट मग सगळ्या जत्रांतनं फिरली असणार. कासारांच्या तंबूंतनं असल्या गोष्टी भांड्यांच्या आधी पोचतात.

'पुढचं दार आपल्याला नाही' म्हणणारा एकतर लाजरा असतो, नाहीतर त्याला हे ठाऊक असतं.

मी चौगुलेला फोन लावला. तो म्हणाला, "आज मी कुणालाच पाठवलं नाही काकू. पण दाराला पाटी आहे, पेपरात जाहिरात आहे, कोणपण येणार." शशिकांतला सांगितलं तर तो घाबरला. "चोर असेल आई! भांड्यांवर डोळा ठेवून आला असेल. मागचं दार आधी लाव. आणि ऐक, मगदुमांनी होकार दिलाय. मी रविवारी येतो, विसार घेऊन मोकळं होऊ."

मगदूम म्हणजे पोल्ट्रीवाले. चांगला माणूस, बायकोही भिंती न वाजवणारी. एकदा विसार घेतला की घर त्यांचं. मग कुणी मागनं आलं काय नि पुढनं आलं काय, त्याला पोल्ट्रीवाल्यांची बायको दिसणार.

दुसऱ्या दिवशी चौगुले पाटी काढायला आला. मी त्याला स्टुलावरनं खाली उतरवलं.

"अहो काकू, घर ठरलं की."

"विसार हातात पडलाय?"

"रविवारी पडेल."

"मग रविवारपर्यंत दाखवायचं. कधीही बघता आलं पाहिजे, असं कोण म्हणत होतं?"

तो डोकं खाजवत गेला. मी सगळं उघडं टाकलं, मागच्या दाराची कडी काढली, आणि पद्माक्काच्या कट्ट्यावर न जाता कोठीत जाऊन बसले. अंधारात, तांदळाच्या डब्याशेजारी. कोठीला दार नव्हतं, पडदा होता. गिऱ्हाइकाला मी दिसायची नाही, एवढंच कबूल केलं होतं. घरात नसेन असं कुठं म्हटलं होतं?

पहिल्या दिवशी कुणी आलं नाही. त्याच्या दुसऱ्या दिवशी एक मांजर आलं. शनिवारी दुपारी, पद्माक्का बस्तीत, त्यांच्या देवळात, गेली होती तेव्हा, परड्यातली फरशी वाजली. मग मागचं दार हललं. कुणीतरी उंबऱ्याशी थांबलं, बराच वेळ थांबलं, आणि आत आलं. पाय ओढत.

मी आवाज नेहमीचा काढला.

"कोण आहे?"

पाय थांबले.

"घर बघायला आलोय री."

आवाज ह्यांचा नव्हता. घोगरा, कफानं भरलेला, आणि ते 'री' नदीपलीकडचं, कानडी मुलखातलं. ह्यांनी जन्मात कधी 'री' लावलं नव्हतं. पण कुणी परक्या मुलखात जाऊन राहिलं तर जिभेला काय काय चिकटत असेल?

"बघा की," मी म्हटलं. "बघायलाच उघडं ठेवलंय."

"घरात कोण असतंय?"

"मी. घर माझ्या नावावर आहे."

"आणि मालक?"

पडदा माझ्या नाकासमोर होता. हात लांब केला असता तर सरकला असता.

"वारले," मी म्हटलं. "सगळं रीतसर केलंय. मुलानं अग्नी दिला, नदीवर."

मग एक हंडा वाजला. टण्ण. तो आवाज पार विरून जाईपर्यंत आम्ही दोघं गप्प बसलो.

"ऐकलं होतं," तो म्हणाला. "चांगलं केलंसा. माणसाचं एकदा काय ते व्हावं."

"लोकांना काय, बोलायला होतं. माझ्या तोंडाला कंटाळून गेले म्हणायचे."

"लोकांना काय कळतंय."

माझ्या डोळ्याला धार लागली होती, आणि रागही आला होता, असा की पडदा फाडून बाहेर यावं आणि विचारावं. काय विचारायचं? बाहेर आले असते आणि ओळखलं असतं, तर मी त्या क्षणी टाकलेली बायको झाले असते. आणि ओळखलं नसतं, तर हे पुन्हा एकदा मेले असते. बसून राहिले. गुडघ्यांना हात घालून.

"कशाला विकताय?" तो म्हणाला.

"मुलगा म्हणतो, एकटी राहू नको."

"खरं हाय त्याचं. मुलगा चांगला निघाला म्हणायचा."

"कुणावर गेला ते कळत नाही."

तो हसला की खोकला, कुणास ठाऊक.

"गिऱ्हाइकानं पुढच्या दारानं यावं," मी म्हटलं. जिभेवर आलं ते बोलले. दुसरं काही बोलता येत नव्हतं मला. "चोरासारखं मागनं कशाला?"

"गिऱ्हाईक कसला मी. माझ्यानं घेणं व्हायचं नाही. नुसतं बघून जातो."

"मग बघायला येत जावा. बघायला काही पडत नाही."

"परत आलो तर चालंल?"

"विकेपर्यंत दाखवायचं असतं. एजंटाचं सांगणं आहे."

मग माठावरचं झाकण वाजलं, पाणी प्यायल्याचा घोट वाजला, पाय ओढत परड्याकडे गेले. माझे गुडघे सोडवून, भिंतीला धरून मी उठेपर्यंत बोळ रिकामा झाला होता. पद्माक्का बस्तीतनं आली तेव्हा मी तिला काही सांगितलं नाही. काय सांगणार? कोण आलं होतं ते मला तरी कुठं माहीत होतं?

रविवारी सोप्यात सगळे जमले. शशिकांत पहाटेच्या गाडीनं आलेला. मगदूम, त्यांची बायको, चौगुले, आणि चौगुलेनं आणलेले पेढे. मी सगळ्यांना पोहे दिले. मग मगदुमांनी पाकीट काढलं तसं मी म्हटलं, "त्या किमतीत नाही जमायचं."

शशिकांतच्या हातातला पेढा हातातच राहिला. "आई, ठरलंय ते!"

"तुझं ठरलंय. घर माझं आहे." मी वाढवून सांगितलं.

मगदूम बायकोकडे बघून म्हणाले, "चालेल." भला माणूस. मला त्याची दया आली. मी आणखी वाढवून सांगितलं. तो थोडा घुटमळला आणि होकाराची मान हलवायला लागला, तेव्हा त्याची बायको उठली.

"चला हो. ह्यांना विकायचं नाही."

"विकायचं आहे की," मी म्हटलं. "कधीही या बघायला. दार उघडं आहे."

ते गेल्यावर शशिकांत एवढा ओरडला की गल्लीत खिडक्या उघडल्या. "तुला पुण्याला यायचंच नाही! मला सरळ सांग ना!" लहानपणापासून ते पोर माझ्यावर ओरडलं नव्हतं. बाप हरवला तेव्हा शाळेत होतं. मी त्याला एका शब्दानं सांगितलं असतं तर तो त्या बोळात ठाण मांडून बसला असता, पोलीस आणले असते, गुरुजी आणले असते. म्हाताऱ्याला धरून अंगणात उभं केलं असतं. मग तो परत कधी आला नसता. मी एवढंच म्हटलं, "पाटी काढू नको."

त्यानंतर जे झालं त्याला गल्ली वेड म्हणाली. जयसिंगपुरात माझ्या घराइतकं बघायला सोपं घर दुसरं नव्हतं. फोन करायला नको, किल्ली मागायला नको. सकाळ-संध्याकाळ येणारा येत होता. आणि होकार आला की किंमत वाढत होती. चौगुले आधी चिडला, मग विनवण्या केल्या, मग हसायला लागला. नवीन पोरांना शिकवायला आणायचा. "घर दाखवायला कसं ठेवावं ते काकूंकडे बघा. विकायचं कसं ते मात्र दुसरीकडे शिका."

तो येत होता. मोजून ठेवलं नाही मी. कधी पावसाळ्यानंतर, कधी ऊस तोडणीच्या दिवसांत. मी कोठीत असले तर बोलायचा, नसले तर भांडी वाजवून पाणी पिऊन जायचा, आणि पद्माक्का सांगायची, "मामी, तुमचं लाजरं गिऱ्हाईक येऊन गेलं वं." बोलणं तेच. छप्पर गळतंय काय? नाही गळत. नातवंडं काय? दोन. बाजारभाव काय म्हणतोय? एकदा मी तव्यावरची भाकरी झाकून पडद्याबाहेर ठेवली आणि म्हटलं, "गिऱ्हाइकाला रिकाम्या पोटी पाठवत नाही आम्ही." त्यानं खाल्ली. मग म्हणाला, "मीठ कमी हाय." मी आत बसून जळले आणि हसले. मला त्याचं तोंड बघायचं नव्हतं. एकदा बघितलं असतं तर कुठलं तरी एक नातं लावावं लागलं असतं. असं मात्र दोघांनाही परवडत होतं.

मग एका दसऱ्यानंतर येणं थांबलं. दिवाळी गेली. मी पडद्याकडे तोंड करून बसायची आणि बाहेर ऊन सरकायचं.

थंडीत एक बाई आली. पुढच्या दारानं. बरोबरचा पोरगा गाडीवरच बसून राहिला. बाई पन्नाशीची, जाडंभरडं लुगडं, हातात पिशवी. कपाळ मोकळं होतं, पण नुकतंच मोकळं झालेलं. वर्षानुवर्षं जिथं कुंकू असतं तिथली कातडी फिकी पडते. मला ते कुणी शिकवायला नको.

"घर बघायचं होतं री."

"बघ की. त्यासाठीच आहे."

तिनं सोपा बघितला नाही, माजघर बघितलं नाही. सरळ स्वयंपाकघरात गेली आणि फळीखाली उभी राहिली. वर बघत.

"हेच काय ते हंडे?"

"तुला कुणी सांगितलं हंड्यांचं?"

"घरात सांगायचे." ती माझ्याकडे वळली नाही. "जयसिंगपुरात एक घर विकायला काढलंय म्हणायचे. बघून येतो. दर खेपेला मी विचारायची, घ्यायचं काय? तर म्हणायचे, किंमत परवडत नाही."

माझ्या तोंडाची ख्याती सगळ्या गल्लीला ठाऊक होती. त्या वेळी बोलायला काय कमी होतं माझ्याकडे? इतकी वर्षं दातांखाली धरून ठेवलेलं सगळं होतं. ती माझ्या स्वयंपाकघरात उभी होती, माझ्या भांड्यांखाली. मी बोलायला तोंड उघडलं.

"कधी गेले?"

"भाऊबीजेला. झोपेतच."

"त्रास?"

"नाही. कधी कुणाला दिला नाही, स्वतःलाही झाला नाही." मग ती म्हणाली, "शांत माणूस. मी काय विचारलं नाही कधी, त्यांनी काय सांगितलं नाही."

"अग्नी कुणी दिला?"

"भाच्यानं. आम्हाला मूल नाही." तिनं उघड्या दारातनं बाहेर, गाडीवरच्या पोराकडे हात केला. मग पहिल्यांदाच माझ्याकडे नीट बघितलं. तिला किती कळलं होतं, ते मला आजही सांगता यायचं नाही. "म्हटलं, एकदा घर तरी बघून यावं. एवढं काय होतं त्यात."

"बघितलंस?"

"बघितलं."

"चहा ठेवते."

"नको री. नदीपलीकडं जायचंय." दारात थांबून ती म्हणाली, "तुमचं घर चांगलं हाय. स्वच्छ हाय. असं उघडं ठेवायला मोठं मन लागतंय."

गाडीचा आवाज गल्लीच्या टोकाला गेला. मग मी न्हाणीत गेले, नळाचं गार पाणी बादलीत घेतलं आणि डोक्यावरून ओतलं. एक बादली, मग दुसरी. वाडीला केली होती ती आंघोळ पळसाच्या पानांची. ही माणसाची.

परड्यात केस पिळत उभी होते तेव्हा पद्माक्का भिंतीवरनं डोकावली. "काय वं मामी! भर थंडीत, दुपारच्या वेळी, डोक्यावरनं? कुणाचं काय झालं?"

"एक गिऱ्हाईक होतं," मी म्हटलं. "तुटलं."

तिनं माझ्याकडे बघितलं आणि पुढं विचारलं नाही. जन्मात पहिल्यांदा.

ओल्या केसांनीच मी चौगुलेला फोन लावला. "मगदुमांना अजून घर पाहिजे काय विचार."

तो गडबडला. "मगदुमांनी कधीच बांधलं काकू. पण दुसरे आहेत, इचलकरंजीचे. किंमत काय सांगू?"

"तू सांगशील ती."

"मग बघायला कधी आणू त्यांना? उद्या? परवा?"

"बघायला नको आता," मी म्हटलं. "दाखवायचं संपलं. विसार घेऊनच ये."